पंधरा वर्षांची गाडी, उडालेले गॅस्केट आणि सडलेला पत्रा: गुहागरच्या एका गाडीचा निर्णय

ऑगस्ट २०२३ मध्ये गुहागरहून चिपळूणला दवाखान्यात निघालेल्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याची गाडी मार्गताम्हाण्याच्या पुढच्या चढावर बंद पडली. तापमानाचा काटा बराच वेळ लाल पट्ट्यात होता, परंतु डॉक्टरांची वेळ ठरलेली असल्यामुळे गाडी थांबवली गेली नाही, आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली तेव्हा इंजिन स्वतःच थांबले. टोचन करून ती चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये नेण्यात आली. तिथल्या मिस्त्रींनी हेड गॅस्केट (इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे ‘हेड’ यांच्यामधली गळती रोखणारी पट्टी) उडाल्याचे सांगितले आणि ‘कमीत कमी पंचवीस’ असा आकडा तोंडी दिला. गाडी चालू स्थितीत विकली असती तरी पन्नास-पंचावन्न हजारांपलीकडे किंमत आली नसती, त्यामुळे ती दुरुस्त करावी की मोडीत काढावी, यावरून घरात लगेच दोन तट पडले. हा निर्णय कसा घ्यावा, यासाठी त्या कुटुंबाने माझी मदत मागितली. त्यावेळी जे तपासले, जे हिशेब मांडले आणि जे ठरले, ते इथे नोंदवत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. आकडे त्या वर्षीचे आणि त्या भागातले आहेत.

गाडी १०६१ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची, उंच बांध्याची छोटी हॅचबॅक होती. ऑक्टोबर २००८ मध्ये मुलाने ती पुण्यात नवी घेतली, सहा वर्षे तिथे वापरली आणि नंतर आईवडिलांकडे पाठवली. त्यानंतरची नऊ वर्षे ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घराच्या अंगणात, मातीवर, आंब्याखाली उभी राहिली. एकूण धाव १ लाख १२ हजार किलोमीटर, आणि अलीकडचा वापर वर्षाला सुमारे चार हजार किलोमीटर. त्यातल्या बहुतेक फेऱ्या चिपळूणच्या दवाखान्याच्या, बाकीच्या शृंगारतळीच्या बाजाराच्या आणि नातेवाइकांकडच्या.

निर्णयापूर्वी एक गैरसमज दूर करावा लागला. नातेवाइकांपैकी एकाचे ठाम म्हणणे होते की पंधरा वर्षे पूर्ण झालेली गाडी आता कायद्यानेच भंगारात द्यावी लागते. हा समज दोन वेगळ्या बातम्यांच्या सरमिसळीतून झाला होता. पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्या चालवण्यावरची बंदी ही दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती होती; राष्ट्रीय हरित लवादाच्या त्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. दुसरी बातमी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमाची होती, ज्यानुसार पंधरा वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबले, परंतु ते फक्त सरकारी मालकीच्या वाहनांसाठी. महाराष्ट्रातल्या खासगी मोटारीला मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार पहिली नोंदणी पंधरा वर्षांची मिळते आणि त्यानंतर तपासणीत ती योग्य ठरली तर पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण होते. म्हणजे कायदा या गाडीला थांबवत नव्हता. तो फक्त ती रस्त्यावर येण्याच्या लायकीची आहे का, एवढे विचारत होता.

तरीही तारीख महत्त्वाची होतीच. नोंदणीची मुदत ऑक्टोबरमध्ये संपत होती आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले होते; उशीर झाला तर दरमहा ५०० रुपये जादा. राज्याचा पर्यावरण कर पेट्रोल मोटारीसाठी पाच वर्षांना ३,००० रुपये होता. शिवाय गाडी परिवहन अधिकाऱ्यापुढे प्रत्यक्ष उभी करावी लागते, म्हणजे ती तोवर चालती झालेली हवी. ‘सध्या अंगणात ठेवू, दिवाळीनंतर बघू’ हा अनेक घरांत निवडला जाणारा मार्ग वाटतो तितका फुकट नसतो. विलंब शुल्क साठत जाते, बॅटरी बसते, टायर एका जागी दबून खराब होतात आणि गंज तर थांबतच नाही.

इंजिनाचा हिशेब

पहिली विनंती मिस्त्रींना ही केली की हेड उतरवण्यापूर्वी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) मोजावे. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये ते १६५ पीएसआयच्या आसपास भरले, दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये मात्र ७० च्याही खाली. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी पडतात, तेव्हा त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी फुटलेली असण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. बाकीच्या दोन सिलिंडरमधले चांगले आकडे त्याहून मोलाची गोष्ट सांगत होते: पिस्टन रिंगा आणि बोअर अजून धड आहेत, म्हणजे ‘पूर्ण इंजिन बांधण्याची’ गरज बहुधा पडणार नाही. इंजिन न उघडता अर्ध्या तासात मिळालेल्या या माहितीमुळे पंचवीस हजारांचा आकडा पन्नासवर जाण्याची भीती बऱ्याच अंशी गेली. तोंडी आकड्यावर गाडी भंगारात काढण्याचा किंवा दुरुस्तीला होकार देण्याचा निर्णय या मोजणीआधी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारणही शोधले गेले. गेली काही वर्षे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचे पाणी घातले जात होते. साध्या पाण्यात गंजरोधक द्रव्य नसते. त्यामुळे अॅल्युमिनियमचे हेड आतून खात जाते, क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि चढावर, जिथे उष्णता सर्वाधिक निर्माण होते, तिथेच पाण्याचा प्रवाह अपुरा पडतो. तापलेले हेड वाकते आणि गॅस्केटवरचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावून हेडचा सपाटपणा पाहतात. या वर्गातल्या इंजिनांना साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक चालत नाही. तो त्याहून थोडा अधिक असता तरी लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून, काम झाले असते.

लेखी अंदाजपत्रक मागितले, तेव्हा ते असे आले: गॅस्केट संच ३,२००, हेडचे फेसिंग, तडा तपासणी आणि व्हॉल्व्ह बसवणे ३,५००, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर २,३००, वॉटर पंप १,६००, थर्मोस्टॅट आणि होज पाइप १,४००, नवा रेडिएटर ३,८००, ऑइल, फिल्टर आणि कूलंट २,७००, मजुरी ६,५००. एकूण २५,००० रुपये. बेल्ट आणि वॉटर पंप याच वेळी बदलण्याचा मिस्त्रींचा आग्रह योग्य होता, कारण त्यासाठी लागणारी उघडझाप हेडच्या कामात होतेच. याखेरीज दोन टायर, बॅटरी, पुढचे लोअर आर्म आणि मागचे शॉक अॅब्सॉर्बर मिळून २०,००० रुपयांचे काम तपासणीपूर्वी करावेच लागणार होते. नूतनीकरणाचे ८,००० धरून बेरीज ५३,००० रुपये झाली.

इथे शेजाऱ्यांनी सांगितलेला आणि सर्वत्र ऐकू येणारा नियम पुढे आला: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल तर गाडी मोडीत काढावी. त्या नियमाने निकाल लगेच लागला असता, कारण खर्च जवळजवळ किमतीएवढाच होता. परंतु हा नियम विमा कंपनीच्या किंवा जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याच्या उपयोगाचा आहे, वापरणाऱ्याच्या नाही. व्यापाऱ्याला दुरुस्तीनंतर गाडी विकायची असते, म्हणून बाजारभाव त्याची मर्यादा ठरवतो. या दांपत्याला गाडी विकायची नव्हती, तर चिपळूणला जायचे होते. त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असा होता की ५३,००० रुपये खर्चून भरवशाची किती वर्षे मिळतात, आणि तेवढीच वर्षे दुसऱ्या मार्गाने मिळवायला किती खर्च येतो.

दुसऱ्या मार्गाचा हिशेब केला. चार वर्षे जुनी, त्याच आकाराची गाडी ३ लाख ८० हजारांना मिळत होती. पाच वर्षांनी ती १ लाख ८० हजारांना जाईल असे धरले, तर घट २ लाखांची, म्हणजे वर्षाला ४०,००० रुपये. जुनी गाडी दुरुस्त करून पाच वर्षे चालली, तर ५३,००० ला पाचाने भागून वर्षाला १०,६०० रुपये. जुन्या गाडीची किरकोळ देखभाल वर्षाला दहा हजारांनी महाग पडेल असे मानले, तरीही दुरुस्ती वर्षाला जवळजवळ वीस हजारांनी स्वस्त होती. टॅक्सीचा पर्यायही पाहिला. गुहागर ते चिपळूण जाऊन-येऊन अडीच हजार रुपये आणि वर्षाला चाळीस फेऱ्या, म्हणजे एक लाख, आणि रात्री-अपरात्री ती मिळेल याची खात्री नाही. विम्यात फारसा फरक पडत नव्हता: १००० ते १५०० सीसीच्या गटात तृतीय पक्ष विम्याचा मूळ हप्ता ३,४१६ रुपये आहे आणि केवळ ६१ सीसींमुळे ही छोटी गाडी त्या गटात पडत होती, तर हजार सीसीपर्यंतच्या गाडीला तोच हप्ता २,०९४ रुपये लागतो.

या टप्प्यावर, फक्त इंजिन पाहून निर्णय द्यायचा असता, तर मी दुरुस्तीच्या बाजूने दिला असता. वडिलांचेही मन तिकडेच होते. नऊ वर्षे गाडीची प्रत्येक नोंद त्यांनी वहीत ठेवली होती आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास केवळ भावनेचा नव्हता. त्या नोंदी पाहता इंजिनाने त्यांना यापूर्वी एकदाही रस्त्यात सोडले नव्हते. परंतु या सगळ्या गणितात एक आकडा गृहीत धरलेला होता, तो म्हणजे भाजक. पाच वर्षे कोठून आली? नोंदणी पाच वर्षांची मिळते, म्हणून. गाडी पाच वर्षे टिकेल, हे अजून कोणी पाहिलेले नव्हते.

रॅम्पवर घेतल्यानंतर

गाडी रॅम्पवर चढवली, तेव्हा पहिल्या नजरेत खालची बाजू चांगली दिसली. तीन वर्षांपूर्वी काळा गंजरोधक लेप मारलेला होता आणि तो अखंड वाटत होता. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचा दांडा त्यावरून ठोकत नेला. पुढच्या भागात टणक आवाज आला; ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराखालच्या पेटीपत्र्यावर आवाज बसका झाला आणि जॅक लावायच्या खाचेजवळ टोक दाबताच लेपासह पत्रा आत गेला. लेप जुन्या गंजावरच मारलेला होता. त्यामुळे बाहेरची हवा अडली नाही, उलट आत शिरलेला ओलावा कोंडला गेला आणि गंज नजरेआड वाढत राहिला.

त्यानंतरचा तास केवळ पत्र्याला दिला. दोन्ही बाजूंचे पेटीपत्रे, ड्रायव्हरच्या पायाखालच्या फ्लोअरचा एक भाग आणि, सर्वांत गंभीर म्हणजे, मागच्या अॅक्सलची ट्रेलिंग लिंक (अॅक्सल जागेवर धरून ठेवणारा दांडा) बॉडीला जिथे बसते त्या ठिकाणचा पत्रा थरांनी सुटत होता. फ्लोअरखालून मागे जाणाऱ्या ब्रेकच्या नळीवरही खड्डे पडलेले होते. लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवर धरला, तर तो काही ठिकाणी चिकटलाच नाही. पूर्वी कधीतरी गंजाची भोके लांबी (पुट्टी) भरून रंगवलेली होती. मिस्त्री वडिलांना म्हणाले, ‘‘गुरुजी, इंजिनाची काळजी करू नका, ते मी बांधून देतो. पण हा पत्रा मी जोडला तरी तुम्हाला यातून घाट चढायला सांगणार नाही.’’ स्वतःचे पंचवीस हजारांचे काम हातून जात असताना दिलेला हा सल्ला होता, आणि त्याची नोंद इथे कृतज्ञतेने करायला हवी.

हे नुकसान गाडीच्या वयाचे कमी आणि जागेचे अधिक होते. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यातले मिठाचे कण पत्र्यावर बसतात, हवेतला ओलावा शोषून घेतात आणि पाऊस नसतानाही पत्र्यावर पातळ ओल टिकवून ठेवतात; क्लोराइडमुळे त्या ओलीतून गंजाची क्रिया वेगाने चालते. कोकणातली लाल माती चाकांच्या कमानींत आणि पेटीपत्र्यांच्या कडांना चिकटते, पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छोटी भोके बुजवते आणि पेट्या आतून ओल्या राहतात. त्यात पावसाळ्याचे चार महिने गाडी मातीवर उभी आणि वरून ताडपत्री घट्ट बांधलेली, म्हणजे खालून येणाऱ्या दमट हवेला बाहेर पडायला वाट नाही. हीच गाडी पंधरा वर्षे पुण्यात किंवा सोलापुरात फरशीवर उभी राहिली असती, तर तिचा पत्रा असा झाला नसता, असे मी खात्रीने म्हणतो. जुन्या गाडीचा इतिहास विचारताना किलोमीटरपेक्षा ती कुठे उभी राहत होती हे आधी विचारावे, ते याचसाठी.

अशा मोटारीला वेगळी चासी (खालची लोखंडी चौकट) नसते. फ्लोअर, पेटीपत्रे आणि खांब मिळून जो सांगाडा बनतो, तोच वजन पेलतो आणि अपघातात धक्का वाटून घेतो. गॅस्केट, टायर, शॉक अॅब्सॉर्बर हे सुटे भाग आहेत. एक खराब झाला तर तो काढून दुसरा बसवता येतो आणि गाडी पूर्ववत होते. सांगाड्याचे तसे नाही. डेंटिंगवाल्याने ४२,००० रुपयांत पत्रे कापून नवे वेल्ड करण्याची तयारी दाखवली, परंतु त्याने प्रामाणिकपणे हेही सांगितले की वेल्डिंगच्या उष्णतेने पेटीच्या आतला रंग जळतो, तिथे आतून हात पोचत नाही, आणि समुद्राजवळ त्याच जागी दोन पावसाळ्यांत गंज पुन्हा धरतो. अॅक्सलच्या जागेची हमी तो द्यायला तयार नव्हता.

आता गणित बदलले, आणि ते ४२,००० रुपये वाढले म्हणून तेवढे बदलले नाही. एकूण खर्च ९५,००० झाला. तो पाच वर्षांवर वाटता आला असता, तर वर्षाला १९,००० पडून दुरुस्तीच स्वस्त ठरली असती. परंतु आता पाच वर्षे म्हणायला काही आधार उरला नव्हता. दोन वर्षे धरली, तर वर्षाला ४७,५०० रुपये, म्हणजे चार वर्षे जुन्या गाडीपेक्षाही महाग, आणि त्या दोन वर्षांतही मागच्या अॅक्सलची शंका कायम. शिवाय १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक मोटारीत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे आणि एबीएसही (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याच वर्षी सक्तीचे झाले. २००८ च्या या गाडीत दोन्ही नव्हते. सत्तरीतल्या चालकासाठी घाटरस्त्यावर हा फरक मी मोठा मानतो.

कोणाला द्यावी

गाडी मोडीत काढायचे ठरले, तेव्हा तीन भाव समोर आले. एक खरेदीदार आहे त्या स्थितीत ३०,००० द्यायला तयार होता. तो इंजिन बांधून, खालून काळा लेप मारून ती पुढे विकणार, हे उघड होते. स्थानिक भंगारवाला २६,००० देत होता. पुण्याजवळच्या नोंदणीकृत वाहन मोडीत काढण्याच्या केंद्राने, गाडी स्वतः उचलून नेण्याच्या अटीवर, १९,५०० सांगितले. जुनी वाहने मोडीत काढण्याच्या २०२१ च्या धोरणाची घोषणा झाली तेव्हा नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के मोड-किंमत मिळेल असे सांगण्यात आले होते, त्यामुळे मुलाची अपेक्षा तीस हजारांची होती. प्रत्यक्षात भाव लोखंडाचा दर आणि गाडीचे वजन यांवर ठरतो, आणि ही गाडी हलकी होती.

पहिला भाव मी नाकारायला सांगितला. त्या लेपाखाली काय आहे हे आपल्याला माहीत झालेले होते, आणि ते दुसऱ्या कुटुंबाच्या माथी मारणे योग्य नव्हते. भंगारवाल्याच्या बाबतीत अडचण कागदाची होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार वाहन कायमचे निकामी झाले, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) परत करायची असते. भंगारवाला गाडी तोडतो. नोंदणी रद्द होत नाही. नंबर प्लेट, चासी क्रमांक आणि आरसी यांचा कोणी गैरवापर केला, तर कागदावरचा मालक शिक्षकच राहतो. साडेसहा हजार रुपयांच्या फरकासाठी हा धोका पत्करू नये, हे त्यांनाही पटले.

सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्र गाडी जमा करून घेताना ठेव प्रमाणपत्र देते आणि गाडी तोडल्यावर मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र देते. दोन्हींची नोंद ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत होते. त्याआधी थकलेली चलाने भरावी लागली. दुसरी अडचण अनपेक्षित होती: २०११ मध्येच फिटलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच होता. बँकेचे ना-हरकत पत्र मिळवून तो उतरवण्यात तीन आठवडे गेले. ज्यांची गाडी दहा वर्षांहून जुनी आहे, त्यांनी ती धडधाकट असतानाच आरसीवरचा हा रकाना एकदा पाहून घ्यावा.

ठेव प्रमाणपत्राचा लाभ नव्या गाडीवरच मिळतो: नोंदणी शुल्क माफ आणि राज्य सरकार ठरवील तेवढी मोटार वाहन करातली सवलत, जिची खासगी वाहनांसाठीची केंद्राने घातलेली कमाल मर्यादा २५ टक्के आहे. दांपत्य जुनीच गाडी घेणार असल्याने त्यांना त्याचा उपयोग नव्हता. मात्र हे प्रमाणपत्र हस्तांतरित करता येते, आणि मुलगा पुढच्या वर्षी नवी गाडी घेण्याच्या विचारात होता, म्हणून ते त्याच्यासाठी राखून ठेवले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, नोंदणीची मुदत संपण्याआधी, गाडी केंद्राकडे गेली. बँकेला कळवून फास्टॅग बंद केला आणि नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा जोडून विम्याच्या उरलेल्या मुदतीचा परतावा मागितला. दांपत्याने घेतलेली २०१९ च्या अखेरीची गाडी खरेदीपूर्वी रॅम्पवर चढवून, पत्रा ठोकून पाहिलेली आहे. ती पुण्यातच वापरलेली होती. अंगणात तिच्यासाठी जांभ्या दगडाचा चौथरा आणि वर पत्र्याची शेड घातली आहे, ताडपत्री काढून टाकली आहे, आणि दर पावसाळ्यानंतर खालची बाजू गोड्या पाण्याने धुऊन पाणी निघायची भोके मोकळी करण्याचे काम चिपळूणच्या त्याच मिस्त्रींकडे दिले आहे.